पंधरा मिनिटांचा वळीव आणि तीन दिवसांचं तौक्ते: एका पंचनाम्याचं प्रकरण

बेळगाव–वेंगुर्ले रस्ता तुरमुरी, बाची करत शिनोळीला महाराष्ट्रात शिरतो. त्या पट्ट्यात, पण हद्दीच्या अलीकडे, कर्नाटकात असलेल्या एका गावाची ही हकिकत. भरपाईची प्रकरणं अजून निकाली निघालेली नाहीत, म्हणून गावाचं नाव लिहीत नाही.

मे महिन्याचा दुसरा पंधरवडा होता. काजूचा हंगाम उरकत आलेला, धूळवाफ पेरणीसाठी रानं नांगरून पडलेली. दिवसभर अंगाची तलखी चाललेली. साडेचारच्या सुमाराला पूर्वेला, म्हणजे बेळगावच्या अंगाला, आभाळ काळं झालं. वळीव नेहमी त्याच बाजूनं येतो, म्हणून कुणी फारसं मनावर घेतलं नाही. बायकांनी वाळवण उचललं, पोरांनी शेरडं आत घेतली. पाचच्या आसपास वारा एकदम पडला. मग थंडगार झोत आला, त्याच्या पाठोपाठ धुळीचा लोट, मग टपोरा पाऊस आणि गारा. पंधरा मिनिटांत सगळं आटोपलं. खालच्या गल्लीतल्या घरांचे आणि गोठ्यांचे पत्रे उडाले होते, गावाबाहेरच्या काजूच्या बागेत झाडं आडवी झाली होती, विजेचे खांब वाकून तारा रस्त्यावर आल्या होत्या. माणूस कुणी गेलं नाही. उडालेल्या पत्र्यानं एकाचा दंड चिरला, त्याला टाके पडले. करंट परत यायला मात्र दिवस गेले.

दुसऱ्या दिवशी ग्रामपंचायतीत निवेदन तयार झालं. मजकूर मराठीत ठरला, कन्नडमध्ये उतरवायला कॉलेजला जाणारा एक मुलगा बसला. पहिलंच वाक्य होतं, ‘काल आलेल्या चक्रीवादळामुळे गावाचे अतोनात नुकसान झाले.’ पंचनाम्याला आलेल्या तलाठ्यांनी तिथंच बोट ठेवलं. त्या दिवशी अरबी समुद्रात चक्रीवादळच नव्हतं, हवामान खात्याचा तसा इशाराही नव्हता, तर मी कागदावर ते कसं लिहू, असं त्यांचं म्हणणं. त्यांच्या बाजूनं पाहिलं तर ते बरोबरच होतं.

त्यावर गावातल्या एका जाणत्या माणसानं जे विचारलं, त्यामुळे हे प्रकरण लिहावंसं वाटलं. त्यांना सगळे तात्या म्हणतात. तात्या म्हणाले, “सायेब, तौक्ते आलं तवा टीव्हीवर तीन दिवस तेच चाललं होतं. आमच्या गल्लीतलं एक कौल हललं न्हाई. काल पाव तासात निम्मी गल्ली उघडी पडली. मग मोठं कुठलं, तुमीच सांगा की.”

मी जवळच्या हायस्कुलात भूगोल शिकवतो. माझ्याकडे बघून तलाठी म्हणाले, “सर, तुम्हीच समजावून सांगा.” समजावून सांगण्याआधी बघून घ्यावं, असं मला वाटलं.

संशयित तीन

गावात मतं तीन होती. थोरांच्या मते चक्रीवादळ. पोरांच्या मते टोर्नेडो, म्हणजे ढगातून जमिनीपर्यंत उतरणारा भोवरा, कारण एका मुलाच्या मोबाइलमध्ये वारा सुटतानाचा व्हिडिओ होता आणि त्यात धुळीचा खांब गरगरताना स्वच्छ दिसत होता. तिसरं मत तलाठ्यांचं: नेहमीचा वळीव, यंदा जरा जोरात.

चक्रीवादळाचा निकाल लावणं सोपं होतं. चक्रीवादळाला समुद्र लागतो, तोही वरच्या थरात साधारण साडेसव्वीस अंशांच्या पुढे तापलेला. त्या पाण्याची वाफ होऊन वर जाते, ढगात तिचं पुन्हा पाणी होताना उष्णता सुटते आणि त्या उष्णतेवर सगळं यंत्र चालतं. जमिनीवर आलं की इंधन तुटतं. अटलांटिकमधलं हरिकेन, पश्चिम पॅसिफिकमधलं टायफून आणि आपल्या समुद्रातलं चक्रीवादळ ही एकाच जातीची वादळं आहेत. बेळगाव समुद्रापासून सरळ रेषेत ऐंशी-नव्वद किलोमीटर आत, साडेसातशे मीटर उंचीवर, आणि मध्ये सह्याद्री. इथं चक्रीवादळाचा पाऊस येईल, वाऱ्याची शेपूट येईल, पण त्याचा गाभा जसाच्या तसा येणं अवघड. शिवाय चक्रीवादळ न सांगता येत नाही. ते तयार व्हायलाच दिवस लागतात.

तौक्तेचंच बघा. १४ मे २०२१ ला ते लक्षद्वीपच्या बाजूला कमी दाबाच्या पट्ट्यातून आकाराला आलं. १६ मे ला सकाळी ते गोव्यापासून शे-सव्वाशे किलोमीटर पश्चिमेला समुद्रात होतं, म्हणजे आमच्या गावापासून दोनशे किलोमीटरच्या आसपास. १७ मे ला मुंबईजवळून जाताना कुलाब्याला ताशी ११४ किलोमीटरचा झोत नोंदला गेला, आणि त्याच रात्री दीव आणि उनाच्या दरम्यान ते गुजरातच्या किनाऱ्यावर चढलं, ताशी १६० ते १७० किलोमीटर वेगानं. इतकं बलाढ्य वादळ. पण त्याचा सगळ्यात जबर वारा डोळ्याभोवतीच्या, म्हणजे मधल्या शांत भागाभोवतीच्या, कड्यात असतो आणि ते कडं काही दहा-वीस किलोमीटर रुंद. त्याबाहेर वारा झपाट्यानं उतरत जातो. जिल्ह्यात तेव्हा पाऊसही झाला, वाराही होता, ठिकठिकाणी पडझड झाली. या गावाला मात्र संततधार आणि घोंघावणारा वारा एवढंच मिळालं. लॉकडाऊन असल्यामुळे सगळे घरीच होते, त्यामुळे आठवण पक्की आहे.

थोडक्यात, तौक्ते प्रचंड होतं आणि गाव त्याच्या कडेला होतं. परवाचा वळीव चिमुकला होता आणि गाव त्याच्या पोटाखाली होतं.

आकार एक, जोर दुसरा

या दोन गोष्टी आपण बोलताना सहज एक करून टाकतो, आणि तात्यांच्या प्रश्नाची गोम तिथंच आहे. वादळ किती जागा व्यापतं याचा, आणि त्यातला वारा एका ठिकाणी किती जोरात वाहतो याचा, सरळ संबंध नाही. चक्रीवादळांतसुद्धा नाही.

१९७९ चं टायफून टिप हे नोंदीतलं सगळ्यात विस्तीर्ण. झंझावाती वाऱ्यांचा त्याचा व्यास २,२२० किलोमीटर भरला होता, म्हणजे कन्याकुमारीपासून जवळपास दिल्लीपर्यंत. समुद्रसपाटीला नोंदला गेलेला सगळ्यात कमी हवेचा दाबही त्याचाच, ८७० हेक्टोपास्कल. याच्या उलट, १९७४ च्या नाताळात ऑस्ट्रेलियातलं डार्विन शहर ज्या ट्रेसी चक्रीवादळानं भुईसपाट केलं, त्याचे झंझावाती वारे केंद्रापासून पन्नास किलोमीटरच्या आतच संपत होते. अख्खं वादळ बेळगाव ते कोल्हापूर या अंतरात बसलं असतं. पण डार्विनच्या लोकांना त्या लहानपणाचा काय उपयोग?

जोराची टोकं बघायची तर २०१५ च्या पॅट्रिशिया हरिकेनमध्ये पूर्व पॅसिफिकवर एक मिनिटाच्या सरासरीनं ताशी ३४५ किलोमीटर वारा होता. झोताचा उच्चांक ताशी ४०८ किलोमीटरचा. तो १९९६ साली ऑलिव्हिया चक्रीवादळात ऑस्ट्रेलियाच्या बॅरो बेटावर नोंदला गेला. टोर्नेडो मात्र याच्याही पुढे जातो. ३ मे १९९९ ला अमेरिकेत ओक्लाहोमातल्या मूर गावाजवळच्या टोर्नेडोत फिरत्या रडारनं ताशी ४८० किलोमीटरच्या वरचा वारा टिपला. पृथ्वीवर मोजलेला याहून वेगवान वारा नाही. आणि आकार? टोर्नेडो बहुधा काही शे मीटर रुंद. २०१३ मध्ये त्याच राज्यात एल रीनो इथं झालेला ४.२ किलोमीटर रुंदीचा टोर्नेडो सगळ्यात रुंद मानला जातो. हरिकेनशी तुलना केली तर तो ठिपकाच.

ताकद हा आणखी तिसरा हिशोब. एक पूर्ण वाढलेलं हरिकेन पाऊस पाडताना जी उष्णता सोडतं, ती जगातल्या सगळ्या वीजनिर्मिती केंद्रांच्या एकूण क्षमतेच्या सुमारे दोनशे पट भरते, असा अमेरिकेच्या हवामान संशोधकांचा हिशोब आहे. गंमत म्हणजे त्यातला जेमतेम चारशेवा हिस्सा वाऱ्याच्या रूपानं दिसतो. टोर्नेडो या हिशोबात कुठंच नाही, पण त्याची सगळी ताकद चार गल्ल्यांवर एकवटलेली असते.

माणसं मरतात ती पुन्हा वेगळ्याच कारणानं. जगातला सगळ्यात प्राणघातक टोर्नेडो आपल्या शेजारी, बांगलादेशात दौलतपूर–सातुरिया भागात, २६ एप्रिल १९८९ ला झाला. सुमारे १,३०० माणसं गेली. त्याच देशात (तेव्हा तो पूर्व पाकिस्तान होता) १९७० च्या भोला चक्रीवादळानं निदान तीन लाख माणसं नेली, आणि त्यातली बहुसंख्य वाऱ्यानं नव्हे, समुद्राच्या उसळलेल्या पाण्यानं. आमच्या उंचीवर ते पाणी पोचण्याचा प्रश्नच नाही. ही गोष्ट मी गावात सांगितली तेव्हा एक आजी म्हणाल्या, “एवढं तरी बरं केलंय देवानं.”

आकड्यांची तुलना करताना एक खोच लक्षात ठेवावी लागते. आपलं हवामान खातं चक्रीवादळाचा वारा तीन मिनिटांच्या सरासरीनं सांगतं, अमेरिकेत एका मिनिटाच्या. वळवाचा झोत काही सेकंदांचा असतो. ताशी ६२ किलोमीटरला आपल्याकडे चक्रीवादळ म्हणायला सुरुवात होते, ११८ ला अतितीव्र, २२२ ला सुपर सायक्लोन, पण हे सगळे टिकून राहणारे वारे. ‘वळवात शंभराचा वारा होता’ आणि ‘चक्रीवादळात शंभराचा वारा होता’ ही दोन वाक्यं सारखी दिसली तरी सारखी नाहीत. दुसऱ्या वाक्यातला वारा तासन् तास घर हलवत राहतो, खिळे ढिले करतो, मग दिशा बदलून पुन्हा येतो.

झाडांनी दिलेली साक्ष

आता उरले दोन संशयित. टोर्नेडो की ढगातून कोसळलेला वारा? याचं उत्तर झाडं देतात, पण लवकर जावं लागतं, कारण पडलेल्या झाडावर दुसऱ्या दिवशी कुऱ्हाड पडते. जळणाला कोण नको म्हणेल? दहावीच्या चार मुलांना घेऊन मी रानात हिंडलो. प्रत्येक आडव्या झाडाचा शेंडा कुठल्या दिशेला आहे ते मोबाइलच्या होकायंत्रावर बघायचं आणि गावाच्या नकाशावर बाण काढायचा, एवढंच काम.

टोर्नेडोत हवा आत ओढली जाते आणि फिरते. त्यामुळे त्याच्या वाटेवरची झाडं एकमेकांवर तिरपी, आतल्या बाजूला झुकून पडतात आणि नुकसानीची पट्टी अरुंद, लांब निघते. आमच्या नकाशावर तसं काही नव्हतं. गावाच्या मध्यावरची झाडं पश्चिमेला पडली होती, उत्तरेच्या आमराईतली वायव्येला, दक्षिणेच्या काजूच्या बागेतली नैर्ऋत्येला. एकही बाण दुसऱ्याला छेदत नव्हता. पूर्वेच्या बाजूला माळावर एक जागा अशी होती की तिच्यापासून सगळे बाण पंख्यासारखे पसरत होते, आणि त्या जागेवरची बाभळ मात्र जागेवर उभी.

भरलेली कळशी अंगणात ओतली की पाणी खाली आपटून चारी बाजूंना पसरतं, तसं हवेचं होतं. मे महिन्यात दुपारी जमीन तापते, हवा वर जाते, अरबी समुद्रावरून घाट चढून आलेला ओलावा तिला मिळतो आणि दहा-बारा किलोमीटर उंचीचा ढग उभा राहतो. त्यातला पाऊस खाली येताना मधल्या कोरड्या थरातून जातो. काही थेंब वाटेतच सुकतात, गारा वितळतात, आणि दोन्हींसाठी लागणारी उष्णता आसपासच्या हवेतून घेतली जाते. हवा गार होते, गार झाली की जड होते, जड झाली की कोसळते. जमिनीला आपटून ती आडवी सुटते. बायकांना पावसाआधी जो थंडगार झोत लागला, तो हाच. त्याला इंग्रजीत डाउनबर्स्ट म्हणतात, आणि पसारा चार किलोमीटरच्या आत असेल तर मायक्रोबर्स्ट. आयुष्य पाच-दहा मिनिटांचं. ढग पश्चिमेला सरकत असल्यामुळे आमचा पंखाही पश्चिमेला लांबला होता.

ही पसरलेल्या बाणांची खूण ओळखणारा माणूस जपानी होता. तेत्सुया फुजिता. १९४५ मध्ये अणुबाँब पडल्यावर तरुण फुजितांनी नागासाकी आणि हिरोशिमाला जाऊन पाहणी केली होती. स्फोटाच्या खालची झाडं उभी आणि बाहेरची केंद्रापासून दूर झुकलेली, हे त्यांनी तिथं पाहिलं. पुढे ते शिकागोला प्राध्यापक झाले. एप्रिल १९७४ मध्ये अमेरिकेत एका दिवसात शंभरावर टोर्नेडो झाले, त्याची विमानातून पाहणी करताना काही जंगलांत त्यांना टोर्नेडोच्या भोवऱ्याऐवजी तीच, केंद्रापासून चांदणीसारखी बाहेर फाकलेली खूण दिसली. पुढच्या वर्षी, जून १९७५ मध्ये, न्यूयॉर्कला उतरताना एक विमान पडून शंभरावर माणसं गेली. ढगातून कोसळलेल्या हवेनं ते खाली दाबलं, असं फुजितांनी मांडलं. बऱ्याच हवामानतज्ज्ञांनी ते उडवून लावलं. खाली येणारी हवा जमिनीपर्यंत पोचेपर्यंत मवाळ होते, अशी त्यांची समजूत. पुढच्या सात-आठ वर्षांत रडारनं मोजमाप झालं आणि फुजिता खरे ठरले. १ ऑगस्ट १९८३ ला तर वॉशिंग्टनजवळच्या लष्करी विमानतळावर राष्ट्राध्यक्ष रेगन यांचं विमान उतरल्यानंतर काही मिनिटांतच ताशी २४० किलोमीटरच्या घरातला झोत आला. बऱ्याच हरिकेनांना न जमणारा हा वेग.

म्हणजे ‘नेहमीचा वळीव’ या शब्दांत तलाठीही थोडे फसले होते. याच जातीचे ढग एका रांगेत जुळले तर ते लहानही राहत नाहीत. ऑगस्ट २०२० मध्ये अमेरिकेच्या आयोवा राज्यातून अशी एक रांग सुमारे १,२०० किलोमीटर धावली आणि लाखो एकरांवरच्या मक्याला तिनं तडाखा दिला. तिथं याला डेरेचो म्हणतात. आपल्याकडे मे २०१८ च्या सुरुवातीला राजस्थान आणि उत्तर प्रदेशात धुळीच्या वादळांनी शंभरावर माणसं गेली. १३ मे २०२४ ला मुंबईत घाटकोपरला होर्डिंग कोसळून १७ जणांचा जीव गेला, तेही मोसमाआधीच्या वादळी वाऱ्यात. चक्रीवादळ नव्हतंच.

मग त्या मुलाचा व्हिडिओ? तो खोटा नव्हता. कोसळून पसरणाऱ्या गार हवेच्या पुढच्या धारेवर लहान लहान भोवरे उठतात. त्यांना गस्टनॅडो म्हणतात. दिसायला टोर्नेडो, पण वरच्या ढगाशी त्याचं नातं नसतं आणि मिनिटाभरात तो विरतो. उन्हाळ्यात भर दुपारी मोकळ्या रानात कचरा घेऊन गरगरणारी वावटळ ही तिसरीच. ती तापलेल्या जमिनीतून उठते, तिला ढगाची गरजच नाही आणि तिच्यात फार तर दोरीवरचं धोतर जातं. मुलगा थोडा हिरमुसला. पण कॅमेऱ्यावर गस्टनॅडो पकडणं सोपं नाही, असं सांगितल्यावर त्यानं तो व्हिडिओ पुन्हा स्टेटसला लावला.

वारा किती होता हे मोजलेलं नाही. विमानतळ सांबऱ्याला, शहराच्या पलीकडच्या टोकाला. तिथल्या यंत्रावर या दीड-दोन किलोमीटरच्या झोताचा मागमूसही लागणार नाही. तेव्हा बोफोर्टची जुनी पट्टी घेतली, वाऱ्यानं काय मोडलं यावरून वेग ठरवणारी. फांद्या तुटल्या तर ६२ ते ७४, घराचं छप्पर उचकटलं तर ७५ ते ८८, झाडं मुळासकट आली तर ८९ ते १०२. आमची उन्मळलेली झाडं बहुतेक काजूची होती, मुळं उथळ, खाली जांभा दगड. उभा फणस एकही गेला नव्हता. म्हणून माझा अंदाज ऐंशी ते नव्वदचा. गावाला तो फार कमी वाटला.

कौलं गेली, पत्रे आले

एवढ्या वाऱ्यात निम्मी गल्ली उघडी पडावी? खरं प्रकरण इथं आहे, आणि ते ढगात नाही.

वाऱ्याचा दाब वेगाच्या वर्गानं वाढतो. वेग दुप्पट, दाब चौपट. ताशी ९० किलोमीटर वाऱ्याचा दाब चौरस मीटरला ३९ किलोच्या आसपास. दहा फूट लांब, तीन फूट रुंद पत्र्यावर तो एकशे दहा किलोच्या घरात जातो. पत्र्याचं स्वतःचं वजन बारा-पंधरा किलो. वरून वाहणारा वारा छपराला वर ओढतो, आणि गोठा एका बाजूनं उघडा असेल तर आत शिरलेली हवा खालून ढकलते. दोन्ही जोर एकाच दिशेला, वर. खालच्या गल्लीतले गोठे सगळे पूर्वेला तोंड करून आहेत, सकाळचं ऊन यावं म्हणून. वळीव पूर्वेकडूनच आला.

मी तात्यांना विचारलं, तौक्तेच्या वेळी तुमच्या घरावर काय होतं? कौल, ते म्हणाले. मंगळुरी कौल. मग विचारत गेलो तर गल्लीतल्या बहुतेक घरांवर तेव्हा कौलंच होती. माकडांनी ती फोडायची, दर पावसाळ्याआधी घर शाकारायचं, वासे-रिपांचं लाकूड महाग, शाकारणारी माणसं मिळेनाशी झालेली. त्यामुळे गेल्या दोन-चार वर्षांत एकानं पत्रा घातला, मग शेजाऱ्यानं, मग सगळ्यांनी. कौलारू छपरातून हवा झिरपते. आतला-बाहेरचा दाब बराचसा सारखा होतो आणि फार जोर झालाच तर पाच-पन्नास कौलं जातात. पत्र्याचं छप्पर अखंड, हवा कोंडून धरणारं. ते जातं तेव्हा एकदम जातं.

तात्या थोडा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, “म्हंजे वारं तेच, घर बदललं म्हणा की.”

वारंही तेच नव्हतं. पण निम्मं खरं होतं.

उडालेले पत्रे गोळा करून पाहिले. बऱ्याच ठिकाणी हूक फक्त दोन टोकांना, मधल्या आडव्या पाइपाला एकही नाही. काही ठिकाणी पत्र्याचं भोक हुकाच्या डोक्यापेक्षा मोठं झालेलं, वायसर नावालाही नाही. एक-दोन गोठ्यांवर हूकच नव्हते, नुसते दगड आणि वाळूची पोती. दंड चिरलेला माणूस सांगत होता की आधी दगड गडगडत खाली आला, मग पत्रा. तो दगड डोक्यात बसला असता तर या प्रकरणाची जात बदलली असती. एका घरावर मात्र पत्रा जागच्या जागी होता. मालक गवंडीकाम करणारे. कडेच्या दोन ओळींत त्यांनी हूक दाट लावले होते, कारण वारा छपराची कड आणि कोपरा आधी धरतो, हे त्यांना कामावर कुणा इंजिनिअरनं सांगितलेलं.

कागदावर काय लिहायचं

तलाठ्यांचा आक्षेप शब्दाचा वाटला तरी त्यामागे पैशाचा प्रश्न होता. केंद्राच्या निकषांप्रमाणे आपत्ती निधीतून मदत मिळते ती ठरलेल्या आपत्तींना. चक्रीवादळ त्या यादीत आहे, गारपीट आहे, ढगफुटी आहे, पूर आहे. नुसता वादळी वारा नाही. राज्यांना आपल्या स्थानिक आपत्ती जाहीर करून निधीचा दहा टक्क्यांपर्यंत भाग त्यांच्यासाठी वापरता येतो, आणि ही पुरवणी ज्या त्या राज्याची असते. गंमत बघा, तोच ढग पाच-दहा मिनिटांत हद्द ओलांडून चंदगड तालुक्यात गेला असणार. तिथलं नुकसान दुसऱ्या राज्याच्या कागदावर, दुसऱ्या नियमांनी लिहिलं जाणार. इथं टीव्ही बघायचा मराठी, त्यावर इशारा कोल्हापूर जिल्ह्याचा. आपल्या जिल्ह्याचा इशारा बेंगळुरूच्या हवामान केंद्राकडून, कन्नड वाहिनीवर. त्या दिवशी यापैकी कुठलाच इशारा कुणी मनावर घेतला नव्हता, हे वेगळं.

‘चक्रीवादळ’ लिहून यादीत शिरायचा मोह गावाला होता. मी विरोध केला, आणि तो केवळ मास्तरकीपोटी नव्हे. कागद वर गेला की हवामान खात्याची नोंद बघितली जाते. एक शब्द खोटा ठरला तर सगळ्या अर्जावर शंका येते. त्यापेक्षा खरं लिहिलं तरी काम होत होतं, कारण गारा पडल्या होत्या. काजूच्या बोंडांवर आणि आंब्यावर माराच्या खुणा होत्या, पालवी चाळणीसारखी झाली होती. त्याचे फोटो काढले. एका घरातल्या आक्कांनी पुरावा म्हणून वाटीभर गारा फ्रिजमध्ये ठेवल्या होत्या. करंट नसल्यामुळे त्यांचं काय झालं ते सांगायला नको.

शेवटी पंचनाम्यात ‘गारपीट आणि वादळी वाऱ्यासह अवकाळी पाऊस’ असं आलं. झाडांच्या बाणांचा नकाशा मुलांनी नीट काढून जोडला. तलाठ्यांनी तो ठेवून घेतला, त्याची गरज नसताना. पीक विम्याचं काही जुळलं नाही. स्थानिक आपत्तीची खबर ७२ तासांत द्यावी लागते, ती दिली असती तरी काजूचा विमा कुणी उतरवलेलाच नव्हता.

घरांचे अर्ज पुढे सरकले. पक्क्या घराचं निदान पंधरा टक्के नुकसान दिसावं लागतं, त्यावरून दोन-तीन घरांची मोजणी पुन्हा झाली. गोठ्यांचा घोळ अजून तसाच आहे. घराला लागून असलेला गोठा निकषात बसतो, आणि खालच्या गल्लीतले निम्मे गोठे घरापासून रस्ता ओलांडून पलीकडे आहेत. ते प्रकरण तालुक्याला पडून आहे.

पत्रे परत चढले, मृगाच्या आधी. गवंडीकाम करणाऱ्या त्या मालकांनी गल्लीतल्या पोरांना हूक कसे आणि किती लावायचे ते दाखवलं. कडेला एक पन्हळी सोडून एक, मधल्या पाइपावरही, खाली रबरी वायसर. खर्च पत्र्याच्या मानानं किरकोळ आला. तात्यांनी हूक लावले, वायसर लावले, आणि वर चार दगडही ठेवले. मी काढा म्हणालो. ते म्हणाले, “असू दे सर, नजरेला बरं वाटतंय.” भावकीतल्या एका पोरानं दोन दिवसांनी ते उतरवून कुंपणाला टाकले.